क्रॉस कंट्री संघाचा येता हंगाम: अंदाज कसा बांधावा आणि तयारी कशी करावी

जून महिन्यात महाविद्यालये उघडली की गोव्यातील बहुतेक जिमखान्यांत पहिली चर्चा फुटबॉलची होते. क्रॉस कंट्रीची, म्हणजे धावपट्टीऐवजी गवत, माती व चढ-उतारांवरून होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची, आठवण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे परिपत्रक सूचनाफलकावर लागल्यानंतर येते, आणि तोपर्यंत तयारीसाठी जेमतेम काही आठवडे उरलेले असतात. मग मागच्या वर्षी पहिल्या पाचांत आलेला एखादा मुलगा अजून महाविद्यालयात आहे, एवढ्याच आधारावर यंदाचा संघ चांगला असल्याचे जाहीर होते. हा अंदाज बहुधा फसतो, कारण या खेळात संघाचे स्थान पहिल्या धावपटूपेक्षा चौथ्या धावपटूवर अधिक अवलंबून असते. पुढील मार्गदर्शन शारीरिक शिक्षण संचालकांसाठी आणि संघनायकांसाठी आहे. ज्या महाविद्यालयात स्वतंत्र प्रशिक्षक नाही आणि सर्व भार एखाद्या उत्साही प्राध्यापकावर पडतो, त्यांनाही ते उपयोगी पडावे.

गुणांचा हिशेब

स्पर्धेत किती धावपटू उतरवता येतात आणि त्यांपैकी किती जणांचे क्रमांक मोजले जातात, हे परिपत्रकात दिलेले असते व ते सर्वांत आधी वाचावे. जागतिक क्रॉस कंट्री अजिंक्यपद स्पर्धेच्या प्रौढ गटात एका देशाचे सहा धावपटू उतरतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांत सात जण धावतात आणि पाच जणांचे क्रमांक मोजले जातात. येथील विवेचनासाठी सहा आणि चार हे प्रमाण धरले आहे. परिपत्रकात वेगळा आकडा असेल तर ‘चौथा’ या शब्दाच्या जागी तो आकडा वाचावा, बाकीचा हिशेब तसाच राहतो.

ज्या संघाच्या क्रमांकांची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. समजा, एका महाविद्यालयाचे चौघे पहिल्या, नवव्या, बाविसाव्या आणि अडतिसाव्या क्रमांकावर आले. त्यांची बेरीज ७० होते. दुसऱ्या महाविद्यालयाचा एकही धावपटू पहिल्या सातांत नाही, परंतु त्याचे चौघे आठवे, अकरावे, चौदावे आणि सतरावे आले. त्यांची बेरीज ५० होते. वैयक्तिक सुवर्णपदक पहिल्या महाविद्यालयाकडे गेले तरी सांघिक चषक दुसऱ्याकडे जातो. गुण समान झाल्यास जागतिक नियमानुसार ज्या संघाचा शेवटचा मोजला जाणारा धावपटू पुढे असतो, तो संघ वरचढ ठरतो. म्हणजे बरोबरी सोडवण्याचे कामही पुन्हा चौथ्याच धावपटूकडे येते.

यामागे आणखी एक कारण आहे. शर्यतीच्या अग्रभागी धावपटू विरळ असतात. तेथे वीस सेकंद वाचवली तरी क्रमांक एखाद-दुसऱ्याने सुधारतो. मधल्या घोळक्यात मात्र धावपटू एकमेकांना खेटून येतात आणि तेवढ्याच वीस सेकंदांत अनेक क्रमांक हाती लागतात. सरावाचा वेळ आणि प्रशिक्षकाचे लक्ष मर्यादित असेल तर ते कोठे खर्च करावे, याचे उत्तर येथेच मिळते. पाचव्या आणि सहाव्या धावपटूंनाही कमी लेखू नये. त्यांचे क्रमांक स्वतःच्या संघाच्या बेरजेत येत नाहीत, परंतु त्यांनी प्रतिस्पर्धी संघाच्या चौथ्याला मागे टाकले तर त्या संघाची बेरीज वाढते.

मागील निकालाचे वाचन

मागील दोन-तीन वर्षांचे पूर्ण निकालपत्रक मिळवावे. केवळ पदक विजेत्यांची बातमी पुरेशी नाही. प्रत्येक धावपटूचा क्रमांक आणि शक्य असल्यास वेळ हवी. क्रॉस कंट्रीच्या वेळा एका वर्षाच्या दुसऱ्या वर्षाशी थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण मार्ग बदलतो, चिखल बदलतो, आणि एखाद्या वर्षी दहा किलोमीटरचा म्हणून आखलेला मार्ग प्रत्यक्षात साडेनऊ किलोमीटरचाच निघतो. म्हणून प्रत्येक वर्षी पहिल्या दहा धावपटूंच्या वेळांची सरासरी काढावी आणि आपल्या धावपटूची वेळ त्या सरासरीच्या किती टक्के होते ते पाहावे. सरासरी ३६ मिनिटे असेल आणि आपला चौथा धावपटू ४१ मिनिटे २४ सेकंदांत आला असेल, तर तो ११५ टक्क्यांवर आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या मार्गावर तोच ११० टक्क्यांवर आला, तर त्याच्या घड्याळाने काहीही दाखवले तरी तो सुधारला आहे.

यानंतर आपल्या चौथ्या धावपटूच्या आधीच्या तीस सेकंदांत किती जण आले, ते निकालपत्रकात मोजावे. ती संख्या मोठी असेल तर तेवढे क्रमांक सरावाने मिळण्याजोगे आहेत. ती अगदी लहान असेल आणि पुढे मोठी दरी असेल, तर त्या धावपटूला सुधारण्यापेक्षा नवा धावपटू शोधणे अधिक फलदायी ठरते.

आता जे पदवी घेऊन जाणार आहेत त्यांची नावे काढून टाकावीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला चौथ्या वर्षाची सोय झाल्यामुळे हा हिशेब पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. तिसऱ्या वर्षाचा कोणता धावपटू चौथ्या वर्षासाठी थांबणार आहे, हे त्याला प्रत्यक्ष विचारल्याशिवाय कळत नाही. मार्च-एप्रिलमध्येच विचारावे, म्हणजे जूनमध्ये धक्का बसत नाही. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी असलेली १७ ते २५ वर्षे ही वयोमर्यादा पदव्युत्तर वर्गातील धावपटूंच्या बाबतीत तपासून घ्यावी.

जाणाऱ्यांच्या जागी येणाऱ्यांची माहिती बहुतेक महाविद्यालये ठेवत नाहीत. गोव्यात अनेक हायर सेकंडरी विद्यालये महाविद्यालयांच्याच आवारात किंवा त्याच संस्थेच्या छत्राखाली चालतात, त्यामुळे क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयाच्या १९ वर्षांखालील स्पर्धांत कोण पुढे येते आहे, हे कळणे अवघड नाही. एका दुपारच्या चौकशीत पुढच्या दोन वर्षांचा संघ डोळ्यांसमोर येऊ शकतो.

नवे धावपटू

गोव्यात धावण्याची क्षमता असलेला विद्यार्थी बहुतेक वेळा फुटबॉलच्या मैदानावर सापडतो. मधल्या फळीतील खेळाडूला सामन्यात बरेच अंतर धावावे लागते. त्याचा दम तयार असतो, कमी असते ती सलग व एका लयीत धावण्याची सवय. त्याच्या प्रशिक्षकाशी बोलून आठवड्यातील एक लांब धाव व एक चढाचा सराव एवढेच मागावे. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून काहीही करून घेऊ नये, आणि दोन्ही स्पर्धांच्या तारखा एकमेकींवर येत असतील तर त्याला संघात धरूच नये. ज्याची उपस्थिती अनिश्चित आहे त्याच्या भरवशावर अंदाज बांधला की ऐन वेळी चौघेही पुरे पडत नाहीत.

मुलींच्या संघाबाबत प्रश्न निराळा आहे. अनेक लहान महाविद्यालयांना मोजण्यापुरत्या मुलीही मिळत नाहीत, आणि चौथी धावपटू नसेल तर संघाला सांघिक स्थानच मिळत नाही. त्यामुळे जेथे इतरांचे संघ अपुरे आहेत, तेथे चार मुलींनी शर्यत पूर्ण करणे हीच सांघिक क्रमवारीत वर जाण्याची सर्वांत सोपी वाट असते. खो-खो व कबड्डीच्या संघांतील मुलींकडे या दृष्टीने पाहावे. १० किलोमीटरचे अंतर ऐकून त्या बिचकतात, आणि त्यात नवल नाही. जागतिक स्पर्धेतही प्रौढ महिलांचे अंतर पुरुषांइतके, म्हणजे १० किलोमीटर, २०१७ पासूनच झाले. पहाटेच्या अंधारात एकट्या मुलीने सरावाला यावे, अशी अपेक्षा ठेवू नये. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून येणाऱ्या विद्यार्थिनीला कदंबची पहिली बस धरूनही सहाला मैदानावर पोहोचता येत नाही. अशा धावपटूंचे गावनिहाय दोन-तीन जणींचे गट करून आठवड्यातील सोपी धाव घराजवळ करू द्यावी आणि सामूहिक सराव दोनच दिवस, व्याख्याने संपल्यावर ठेवावा. पालकांशी शिक्षकांनी एकदा स्वतः बोलावे. माझ्या मते या एका संभाषणाचा परिणाम बुटांच्या नव्या जोडापेक्षा जास्त होतो.

उशिरा सुरुवात झाली म्हणून कोणाला नाकारू नये. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लष्करात दाखल झाल्यानंतर, २०१५ मध्ये, क्रॉस कंट्रीतून स्पर्धात्मक धावण्याकडे वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) रौप्यपदक मिळवले. असे धावपटू वर्षाला निर्माण होत नाहीत हे मान्य आहे, परंतु अठराव्या वर्षी सुरुवात करणे म्हणजे फार उशीर, हा समज त्यामुळे तरी दूर व्हावा.

पहिली चाचणी

सत्र सुरू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ३,००० मीटरची चाचणी घ्यावी. चारशे मीटरच्या धावपट्टीवर ते साडेसात फेऱ्यांचे अंतर होते. बांबोळीच्या सिंथेटिक धावपट्टीवर परवानगी मिळाली तर उत्तम, अन्यथा फुटबॉल मैदानाभोवती टेपने मोजलेली फेरीही चालते. मात्र पुढील प्रत्येक चाचणी त्याच जागी व्हावी. प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेवावी. केवळ एकूण वेळ पाहिली तर पहिल्या दोन फेऱ्यांत जोर लावून नंतर कोलमडलेला धावपटू आणि शेवटपर्यंत एका गतीने आलेला धावपटू सारखेच दिसतात.

या वेळेवरून १० किलोमीटरचा अंदाज काढता येतो. अमेरिकी अभियंता पीट रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घेऊन त्याने मूळ वेळेला गुणायचे असते. ३,००० मीटरवरून १० किलोमीटरकडे जाताना हा गुणक सुमारे ३.५८ येतो. म्हणजे ११ मिनिटांत ३,००० मीटर धावणाऱ्याने सपाट मार्गावर १० किलोमीटर सुमारे ३९ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण करायला हवेत. ही वेळ भाकीत म्हणून वापरण्यापेक्षा निदान म्हणून वापरावी. महिन्याभराने १० किलोमीटरची सपाट धाव घेतल्यावर एखादा अपेक्षेपेक्षा तीन-चार मिनिटे मागे राहिला, तर त्याच्याकडे वेग आहे पण दम अपुरा आहे. फुटबॉलकडून आलेल्यांचे बहुतेक असेच होते, आणि त्यांना लांब धावा हव्यात. जो अपेक्षित वेळेच्या अगदी जवळ येतो, त्याचा पाया पक्का असतो व त्याला वेगाचे काम द्यावे. एकाच संघातील सहा जणांना एकच सराव देणे सोयीचे असले तरी योग्य नाही.

पावसातील तयारी

गोव्यात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, जुलैमध्ये तो सर्वांत जास्त पडतो आणि वर्षभरात सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटरची नोंद होते. महाविद्यालयीन हंगामाचा पाया नेमका याच काळात घालावा लागतो. पाऊस थांबण्याची वाट पाहणारा संघ सप्टेंबरमध्ये सुरुवात करतो, आणि तेव्हा पाया घालण्यास वेळ उरत नाही.

स्पर्धेची तारीख हाती आली की तेथून बारा आठवडे मागे मोजावेत. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जवळजवळ सर्व धाव सोपी असावी, म्हणजे शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकीच गती. नवीन विद्यार्थ्याने आठवड्याला २५ किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू ४५ ते ५० किलोमीटरपर्यंत जावे. अनुभवी धावपटू ६० ते ८० किलोमीटर पेलू शकतो. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. मधल्या चार आठवड्यांत आठवड्यातून एकदा चढाचा सराव यावा, त्यात साधारण एक मिनिटाचे सहा ते आठ चढ आणि प्रत्येकानंतर सावकाश उतरण, तसेच एकदा वीस मिनिटांची सलग टेम्पो धाव असावी, जिच्यात दोन-तीन शब्दच बोलता येतात. रविवारची लांब धाव १२ ते १६ किलोमीटरची पुरे. शेवटच्या दोन आठवड्यांत तीव्रता ठेवून अंतर निम्म्यापर्यंत उतरवावे. या शेवटच्या टप्प्यात काही मुले अस्वस्थ होतात आणि गुपचूप जादा धावतात. त्यांना आधीच समजावून ठेवावे.

जागा निवडताना आपल्या भूमीकडे नीट पाहावे. जांभ्या दगडाचे सडे कोरड्या ऋतूत धावण्यास फार चांगले, परंतु पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते आणि उघड्या कातळावर वेगाने वळणे धोक्याचे होते. तेथे सोपी धाव घ्यावी, वेगाचे काम टाळावे. सड्यांवर जुन्या चिरेखाणी पाण्याने भरलेल्या असतात व गवतामुळे त्यांची कड दिसत नाही. म्हणून नवीन वाट आधी चालत पाहिल्याशिवाय संघाला तिच्यावरून नेऊ नये. चढांसाठी पणजीकरांना आल्तिनोचे रस्ते सकाळी वाहतूक सुरू होण्यापूर्वी उपलब्ध आहेत. फोंड्याच्या बाजूला फर्मागुढीचा चढ आहे. ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या परिसरात सौम्य चढ-उताराची लांब फेरी आखता येते. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने पावसात धावणे पूर्णपणे वर्ज्य करावे. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीच्या, बांधांवरून धावताना तोल सांभाळण्याचा उत्तम सराव होतो, पण बांध शेतकऱ्याचा असतो व लावणीनंतर तो नाजूक असतो. विचारल्याशिवाय जाऊ नये आणि गेल्यास एका रांगेत जावे.

समुद्रकिनाऱ्याचे आकर्षण सर्वांना असते. मिरामार किंवा कोलव्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर ओहोटीच्या वेळी सोपी धाव घेण्यास हरकत नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक वेळेचा सराव आठवडाभर तेथे ठेवता येत नाही. किनारा एका बाजूला उतरता असल्याने एकच दिशा धरून लांब धावल्यास एका पायाच्या घोट्यावर व नडगीवर जादा ताण येतो. जेवढे जाल तेवढेच परतावे. कोरड्या भुसभुशीत वाळूत धावल्याने ताकद वाढते हे खरे, परंतु पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची शीर यांची त्यासाठी तयारी लागते, आणि स्पर्धा गवत-मातीवर होणार असेल तर तिथला अतिरेक निरुपयोगी आहे. पावसाळ्यात किनाऱ्यांची वाळू वाहून जाते व लाटा वरपर्यंत येतात, तेव्हा हा विषय ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवावा.

चतुर्थीचा खंड प्रत्येक वर्षी येतो आणि प्रत्येक वर्षी प्रशिक्षकांना तो अनपेक्षित वाटतो, हे मला कधी उमगले नाही. घरोघरी दीड दिवस, पाच दिवस, काही ठिकाणी त्याहून अधिक गणपती असतो, मुले गावी जातात, जागरणे होतात, नेवऱ्या आणि मोदक खाल्ले जातात. त्या आठवड्याला कमी अंतराचा आठवडा म्हणून आराखड्यात आधीच धरावे आणि दोन सोप्या धावा गावातच करण्यास सांगावे. एका आठवड्याच्या विश्रांतीने दम जात नाही. परत आल्यावर बुडालेले अंतर एकदम भरून काढण्याच्या प्रयत्नात मात्र नडगी दुखावते.

उष्णता आणि दमटपणा

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमधील ऊन व दमट हवा समोर येते. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही व तीच गती जास्त कष्टाची होते. उष्णतेची सवय होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. स्पर्धा सकाळी उशिरा असेल तर त्या आधीच्या दोन आठवड्यांत काही सोप्या धावा मुद्दाम उन्हाच्या वेळी, पाणी सोबत ठेवून, घ्याव्यात. उन्हाकडे दुर्लक्ष केल्याचा इतिहास या खेळाला माहीत आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील क्रॉस कंट्री शर्यत प्रखर उष्णतेत झाली, ३८ पैकी १५ जणच ती पूर्ण करू शकले, पावो नुर्मी जिंकले, आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून कायमचा वगळला गेला. धावपटू अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शर्यत पूर्ण करू देण्याचा मोह त्या क्षणी सोडावा.

गोव्याच्या हवेत लांब पल्ल्याचे धावपटू तयार होत नाहीत, असे पुष्कळदा ऐकू येते. आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या मंगळूर विद्यापीठाचा आंतरविद्यापीठ ॲथलेटिक्समध्ये दीर्घकाळ दबदबा आहे. त्या विद्यापीठाच्या परिसरातील मूडबिद्रीसारख्या केंद्रांत देशभरातील खेळाडू येतात व त्यांना शिष्यवृत्त्या मिळतात ही गोष्ट वेगळी, परंतु ते सराव त्याच पावसात व त्याच घामात करतात. तेव्हा आपली उणीव वसतिगृह, आहार आणि वर्षभराची शिस्त यांत शोधावी, हवेत नाही.

आजार, दुखापती व आहार

पावसाळ्यातील एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरील जखमेवाटे शरीरात शिरतो, आणि ताप व पोटऱ्यांतील तीव्र वेदना ही त्याची ठळक लक्षणे आहेत. धावपटूच्या पोटऱ्या एरवीही दुखत असल्यामुळे तो ही वेदना सरावाच्या माथी मारून घरी पडून राहतो. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे एकत्र आले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे व आपण चिखलपाण्यात धावतो हे डॉक्टरांना सांगावे. डेंग्यूचाही हाच काळ असल्याने तापात आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून धावणे बंद. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या टाळण्यासाठी सराव संपताच पाय धुऊन कोरडे करावेत, आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाळवावेत. दोन जोड आलटून पालटून वापरणे शक्य असेल तर फारच बरे.

हंगामाच्या सुरुवातीस सर्वांचे हिमोग्लोबिन तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ते मुलांमध्ये डेसिलिटरमागे १३ ग्रॅमच्या आणि मुलींमध्ये १२ ग्रॅमच्या खाली गेले तर रक्तक्षय समजला जातो. शक्य असेल तेथे फेरिटिनही पाहावे, कारण शरीरातील लोहाचा साठा हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीच आटतो. मन लावून सराव करूनही वेळ घसरत असलेल्या मुलीला आळशी म्हणण्यापूर्वी ही तपासणी व्हायला हवी. एखाद्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, तर बहुधा ती धावते त्या मानाने खात नाही. तिच्या हाडांना बारीक तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून तिने डॉक्टरांकडे जावे, आणि हा विषय काढण्यासाठी संघाबरोबर एखादी शिक्षिका असावी. आहाराविषयी फार सांगण्याची गरज नाही: सकाळच्या सरावापूर्वी नाचणीची तिझन किंवा केळे, नंतर पोई व अंडी, दुपारी नेहमीचे शीत-कडी, मासळी व कडधान्य. डब्यातील महागड्या पावडरींवरचा खर्च रक्ततपासणीकडे वळवावा.

शर्यतीची रीत

जागतिक नियमांनुसार क्रॉस कंट्रीची फेरी सामान्यतः दीड ते दोन किलोमीटरची असते, त्यामुळे १० किलोमीटरमध्ये तोच चढ आणि तेच वळण पाच-सहा वेळा येते. आदल्या दिवशी मार्ग चालून पाहावा आणि सुरुवातीनंतर मार्ग पहिल्यांदा अरुंद कोठे होतो ते नक्की करावे, कारण त्या जागेपूर्वी मधल्या घोळक्यात आले नाही तर पुढचा अर्धा किलोमीटर इतरांच्या पाठी पाहण्यात जातो. दुसरीकडे, पहिला किलोमीटर अतिवेगाने धावणे हा नवोदितांचा ठरलेला दोष आहे. या दोहोंमधला मार्ग जोडीने धावण्यात सापडतो. तिसरा व चौथा धावपटू यांनी सरावात सतत एकत्र धावावे व शर्यतीतही निदान ६ किलोमीटरपर्यंत एकमेकांना सोडू नये. पाचव्या-सहाव्याचीही तशीच जोडी लावावी. पहिल्या धावपटूला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, तो स्वतःचे पाहून घेतो. पहिल्या आणि चौथ्या धावपटूंमधील वेळेचे अंतर प्रत्येक चाचणीनंतर लिहून ठेवल्यास संघ घडतो आहे की एकटा धावपटू सुधारतो आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र हे अंतर पहिला मंदावल्यामुळे कमी झाले नाही ना, तेही पाहावे.

अंदाज लिहिणे व सहा जणांची निवड

दुसऱ्या चाचणीनंतर अंदाज एका पानावर लिहून प्राचार्यांना द्यावा. त्यात एकच क्रमांक सांगू नये. सर्व सहा जण धडधाकट राहिले तर बेरीज किती येईल, एक प्रमुख धावपटू गळाला तर किती, आणि दोघे गळाले तर किती, असे तीन आकडे मांडावेत. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांत फार मोठी तफावत असेल तर संघ एक-दोघांच्या खांद्यावर उभा आहे, आणि महाविद्यालयाने पैसा देताना चषकाच्या अपेक्षेपेक्षा नवे धावपटू जोडण्याचा विचार करावा. प्रत्येक आकड्याखाली तो कशावर आधारलेला आहे ते नमूद करावे: कोणत्या वर्षाचे निकालपत्रक, कोणत्या चाचणीची वेळ, सत्रपरीक्षेच्या तारखा स्पर्धेच्या जवळ येतात की नाही.

नावे पाठवण्याच्या दिवशी पहिल्या चार-पाच जागांबद्दल वाद नसतो. वाद सहाव्या जागेबद्दल होतो. एका बाजूला तिसऱ्या वर्षाचा, सर्वांचा मित्र असलेला, परंतु तीन चाचण्यांत हळूहळू घसरलेला विद्यार्थी असतो, आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक चाचणीत सुधारलेला पण अजून चार-पाच सेकंदांनी मागे असलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. फरक एवढाच असेल तर नवोदिताला उतरवावे, कारण स्पर्धेच्या दिवसापर्यंत तो पुढे गेलेला असण्याची शक्यता जास्त आहे आणि पुढील दोन-तीन हंगामांत त्याचा तो अनुभव संघाला लागणार आहे. फरक वीस सेकंदांचा असेल तर ज्येष्ठालाच घ्यावे. निकष कोणताही असो, तो पहिल्या चाचणीपूर्वी लिहून सूचनाफलकावर लावलेला असावा, म्हणजे निवडीच्या दिवशी वगळलेल्या विद्यार्थ्याला कारण सांगताना कागदाकडे बोट दाखवता येते, आणि जिमखान्याच्या दारात त्याच्या मित्रांचा घोळका जमला तरी निर्णय बदलावा लागत नाही.